साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणणं संस्कारात नाही, की परवडत नाही?

हिंजवडीचा_पांथस्थ (धागालेखक):
परवा ऑफिसात परदेशी क्लायंटबरोबर कसं वागावं याचं ट्रेनिंग झालं. त्यात गिर्ट होफस्टेडचे आकडे दाखवले. या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि प्रत्येक देशाला गुण दिले. त्यातलं एक माप 'सत्ता-अंतर': वरचा आणि खालचा यांच्यातली दरी लोक कितपत मुकाट मान्य करतात. भारत ७७, जर्मनी ३५, ऑस्ट्रिया तर ११.

मला हे रोज दिसतं. म्युनिकहून विचारतात, शुक्रवारपर्यंत होईल का? आमचा पोरगा म्हणतो, 'येस, शुअर.' लगेच म्यूट करून माझ्याकडे वळतो, 'सर, कसं शक्य आहे?' तिकडे त्याच्याच वयाची मुलगी डायरेक्टरला सगळ्यांदेखत 'तुमचा अंदाज चुकलाय' म्हणते आणि डायरेक्टर मुकाट्याने लिहून घेतो. घरी वडिलांपुढे गप्प, शाळेत बाईंपुढे गप्प, मग साहेबापुढेही गप्प. संस्कार आहेत हे, मान्य करून टाकू.

खडूस_आजोबा:
आकडे कुणाचे ते आधी बघा. आयबीएमने १९७८ साली भारतातून गाशा गुंडाळला. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते आणि परकीय चलन कायद्याप्रमाणे स्वतःचा हिस्सा कमी करायला कंपनी राजी नव्हती. म्हणजे त्याआधीच्या मूठभर इंग्रजी बोलणाऱ्या, टायवाल्या मंडळींवरून सगळ्या देशाला ७७! ऊसतोड कामगार आणि मुकादम यात कुठे बसतात? आणि नंतरच्या तक्त्यांत चिमुकल्या स्वित्झर्लंडचे दोन भाग आहेत, जर्मनभाषक २६ आणि फ्रेंचभाषक ७०. आपण मात्र काश्मीर ते कन्याकुमारी एकच.

हिंजवडीचा_पांथस्थ:
आजोबा, सगळीकडे एकाच कंपनीचे लोक घेतले हीच तर त्यातली खुबी. कंपनी तीच, काम साधारण तेच, मग उरला तो फरक देशाचाच ना?

खडूस_आजोबा:
'उरला तो देशाचाच' हे कुणी ठरवलं? ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने २००२ साली नेमकी याच गृहीतकाची सालं काढली आहेत. बरं, देशाची सरासरी एकेका माणसाला चिकटवू नका, हे खुद्द होफस्टेडच बजावून गेला. ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड राहिली वाटतं.

स्टुटगार्टची_सून:
मला आकड्यावर आक्षेप नाही, अर्थावर आहे. प्रश्नावलीतला एक प्रश्नच असा होता की वरिष्ठांशी असहमती दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात. म्हणजे मोजली ती भीती. तिला संस्कार हे नाव आपण दिलं.

त्या मुलीच्या पाठीशी कोण आहे ते बघा. इथे बहुतेक मोठ्या कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बेट्रिब्सराट. त्याचं म्हणणं ऐकून न घेता कुणाला काढलं तर ती नोटीस कायद्याने रद्द. दोन हजारांवर कर्मचारी असतील तर १९७६ च्या कायद्याप्रमाणे पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे वरच्या व्यवस्थापनावर नजर ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या. ती बोलणारच हो! तुमच्या पोराच्या डोक्यावर अप्रेझल, बेंच (प्रोजेक्ट नसताना नुसतं बसून राहणं) आणि फ्लॅटचा हप्ता.

हिंजवडीचा_पांथस्थ:
कायदे काय आभाळातून पडतात? समाजाला समता पटते म्हणून तसे कायदे होतात.

स्टुटगार्टची_सून:
कोळसा आणि पोलाद कंपन्यांत १९५१ साली हा हक्क मिळाला तो कामगार संघटनांनी संपाची तयारी केल्यावर. मालकांना समता पटली होती असं कुठे दिसत नाही.

काउंटर_नंबर_तीन:
राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, म्हणून बोलतो. मॅनेजरने उशिरापर्यंत थांबायला सांगितलं तर आमच्या कॅशवरच्या ताई भर शाखेत म्हणतात, 'साहेब, लेखी द्या, युनियनला दाखवते,' आणि डबा पिशवीत टाकून लिफ्टकडे. साहेब बघत राहतात. याच ताई सासऱ्यांपुढे पदर सावरून उभ्या असतात. यांना ७७ द्यायचे की ३५?

हिंजवडीचा_पांथस्थ:
सापडलात! सासऱ्यांपुढे कुठली नोकरी जाणार आहे? तिथे का गप्प? म्हणजे संस्कार आहेतच.

स्टुटगार्टची_सून:
घर कुणाच्या नावावर आहे विचारा.

हिंजवडीचा_पांथस्थ:
हे फारच झालं. आमच्या आई-आजी काय सातबारा बघून मान देत होत्या? भीती वेगळी, आदर वेगळा. असो, वाद तुम्ही घाला. सोमवारच्या कॉलला मी पोराला काय सांगू ते बोला.

खडूस_आजोबा:
त्याला काही सांगू नका. कॉलच्या आधी किती दिवस लागतील ते विचारा आणि म्युनिकला तारीख तुम्ही द्या. 'नाही' म्हणायचा पगार त्याला नाही, तुम्हाला मिळतो.