व्हिएतनाम : हा जियांगच्या घाटांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नोव्हेंबरमध्ये पाठीवर एकच सॅक घेऊन हनोईहून हो ची मिन्ह सिटीपर्यंत रेल्वेने टप्प्याटप्प्याने जाण्याचा माझा विचार आहे. खरी अडचण त्याआधीच्या ‘हा जियांग’ या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या दुचाकी फेरीची आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक करारानुसार असतो, तर व्हिएतनाम १९६८ चा करार मानते. त्यामुळे तिथल्या मा पी लेंग खिंडीत स्वतः दुचाकी चालवताना अपघात झाल्यास विम्याचा दावा फेटाळला जाण्याची भीती वाटते. (वरंध घाटातला माझा अनुभव तिथे कागदोपत्री शून्यच!) स्थानिक चालकाच्या मागे बसून कोणी हा फेरा केला आहे का? तीन दिवसांचे साधारण किती पैसे द्यावे लागले? शिवाय, वाटेतल्या मध्य व्हिएतनाममधील ह्युए आणि होई आन येथे त्या काळात पूर येतात, तेव्हा ते टप्पे वगळावेत का, हेही कृपया सांगावे.