आईचे ग्रीन कार्ड हाती आलेले नाही, १२ जुलैला भारतात जायचे आहे – मदत हवी आहे

मृण्मयी_एनजे | १० जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. माझ्या आईचे ग्रीन कार्ड (कायम रहिवाशाचे कार्ड) अजून मिळालेले नाही. इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर कार्ड तयार होऊन टपालाने रवाना झाल्याची नोंद दिसते, पण आमच्याकडे काहीही आलेले नाही. आईला १२ जुलैला साताऱ्याला जायचे आहे. तिथल्या जमिनीच्या वाटणीपत्रावर तिची सही व्हायची आहे आणि मामांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील तारीखही घेऊन ठेवली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी खात्याला पाच वेळा फोन केला. प्रत्येक वेळी यंत्र माझे म्हणणे ऐकून घेते, मोबाइलवर एक लिंक पाठवते आणि फोन बंद होतो. ती लिंक मला पुन्हा त्याच पानावर आणून सोडते. प्रत्यक्ष अधिकाऱ्याशी बोलणे कसे व्हावे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांना हे साधले आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे.

रानवारा | १० जून, रात्री १०:१५

मृण्मयी, उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आई इमिग्रंट व्हिसा घेऊन भारतातून आल्या, की इथे असतानाच तुम्ही अर्ज केला होता? त्या कोणत्या तारखेला आल्या? २३५ डॉलरची इमिग्रंट फी कधी भरली? आणि कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवले गेले? या चार गोष्टींवाचून कोणी काहीही सांगितले तरी तो अंदाजच असेल.

तुषार_डॅलस | १० जून, रात्री १०:३२

फोनच्या मागे लागू नका. तुमच्या भागातून निवडून आलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्याच्या कार्यालयाला लिहा. प्रत्येकाच्या कार्यालयात सरकारी खात्यांकडे अडलेली कामे पाहणारी माणसे असतात. त्यांच्या संकेतस्थळावर प्रायव्हसी रिलीजचा, म्हणजे आपली माहिती त्यांना देण्याची खात्याला परवानगी देणारा, अर्ज मिळतो. त्यावर आईची सही घ्या, कारण मूळ प्रकरण त्यांचे आहे. आई मतदार नसल्या तरी त्या मतदारसंघात राहतात, तेवढे पुरते. माझ्या पत्नीचे वर्क परमिट चार महिने अडकले होते, ते या मार्गाने अकरा दिवसांत सुटले. माझ्या मते हाच एकमेव खात्रीचा उपाय आहे.

कोयनाकाठ | १० जून, रात्री ११:०५

मुळात आईंना जाण्याची गरज आहे का, याचा विचार करावा. वाटणीपत्रासाठी कुलमुखत्यारपत्र करून देता येते. न्यू जर्सी हे न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीच्या कार्यक्षेत्रात येते. तिथे दस्त साक्षांकित करून घ्या आणि मूळ प्रत मामांकडे कुरियरने पाठवा. परदेशात केलेला दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे मात्र विसरू नका. आमच्या कराडच्या जमिनीचे काम मी असेच पूर्ण केले. मुखत्यारपत्रात गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे तंतोतंत लिहा, नाहीतर दस्त परत येतो.

मृण्मयी_एनजे | ११ जून, सकाळी ७:५०

सर्वांचे आभार. कोयनाकाठ, आपण आपुलकीने लिहिलेत, पण मामा ७८ वर्षांचे आहेत आणि आईला त्यांना भेटायचे आहे. सही हे एक निमित्त आहे. रानवारा, आई इमिग्रंट व्हिसावर आली. तिची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत झाली होती. फी भरलेली आहे. पत्ता बरोबर आहे, टपाल कार्यालयात आम्ही तो बदलून घेतला होता. आता कृपया फोनबद्दल सांगा.

रानवारा | ११ जून, सकाळी ८:१०

“बदलून घेतला होता” म्हणजे मधल्या काळात तुम्ही घर बदलले. कधी? आणि नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवला, की फक्त टपाल कार्यालयाला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टपाल कार्यालयात नोंद केली की वीजबिल, बँकेची पत्रे नव्या घरी वळवली जातात, पण ग्रीन कार्डाचे पाकीट तसे वळवले जात नाही. ते खात्याकडे परत जाते. ट्रॅकिंगमध्ये शेवटची नोंद काय आहे, ते शब्दशः लिहा. आगमनाची तारीखही तुम्ही अजून सांगितलेली नाही.

वृंदा०७ | ११ जून, सकाळी ९:२५

माझी मैत्रीण तीन वर्षे कार्डाशिवाय राहिली आणि तिला कोणी काही विचारले नाही. एवढी काळजी करू नका.

निरंजन_बे | ११ जून, सकाळी ९:५८

वृंदा, असा सल्ला कृपया कोणाला देऊ नये. अठरा वर्षांवरील प्रत्येक कायम रहिवाशाने कार्ड किंवा त्याऐवजी चालणारा पुरावा सोबत बाळगावा असे कायदा सांगतो, आणि सध्याच्या दिवसांत तर त्याकडे दुर्लक्ष करणे अजिबात योग्य नाही. मृण्मयी, आईंच्या पासपोर्टातील व्हिसाचे पान उघडून पाहा. विमानतळावर शिक्का मारल्यानंतर हा व्हिसा एक वर्षापर्यंत तात्पुरते ग्रीन कार्ड म्हणून चालतो, असे त्यावरच छापलेले आहे. त्या शिक्क्याची तारीख वाचता येत असेल तर आई आजही कायदेशीर पुरावा हाती असलेल्या रहिवासी आहेत आणि त्याच पासपोर्टावर त्यांना जाऊन परत येता येते.

तुषार_डॅलस | ११ जून, सकाळी १०:२०

कागदावर हे बरोबर आहे, पण विमान कंपनीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही. मी पुन्हा सांगतो, काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला आजच लिहा.

निरंजन_बे | ११ जून, सकाळी १०:४१

तुषार, त्या मार्गाला माझा विरोध नाही, पण ते कार्यालय शेवटी खात्यालाच चौकशी पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. पत्ताच चुकीचा नोंदलेला असेल तर चौकशीनंतर कार्ड पुन्हा त्याच जुन्या घरी जाईल. आधी रोगाचे निदान व्हावे, मग औषध.

मृण्मयी_एनजे | ११ जून, सायंकाळी ६:३०

आता सगळे कागद समोर घेऊन लिहीत आहे. आई १८ ऑगस्ट २०२४ रोजी नेवार्कला उतरली. पासपोर्टावर शिक्का आहे आणि तारीख स्पष्ट आहे. फी व्हिसाच्या खर्चातच धरलेली असेल असे आम्हाला वाटले, त्यामुळे ती फेब्रुवारीत भरली. मार्चमध्ये आम्ही एडिसनहून प्लेन्सबरोला राहायला आलो. पत्ता फक्त टपाल कार्यालयात बदलला. खात्यालाही वेगळे कळवावे लागते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. ट्रॅकिंगवरील शेवटची नोंद २४ एप्रिलची असून त्यात पाकीट पाठवणाऱ्याकडे परत गेल्याचे लिहिले आहे. मी इतके दिवस त्याचा अर्थ “जवळच्या टपाल कार्यालयात परत” असा लावत होते. आता मला खरोखर भीती वाटते आहे. परतीचे तिकीट ३० ऑगस्टचे आहे.

रानवारा | ११ जून, सायंकाळी ७:०५

भिऊ नका, पण दोन तारखांकडे नीट पाहा. पहिली कार्डाची आहे. परत आलेली कार्डे खाते कायमची सांभाळत नाही. ज्याचे कार्ड आहे त्याने संपर्क साधला नाही तर ६० कामकाजाच्या दिवसांनी ते नष्ट केले जाते, असे धोरण २०१८ पासून आहे. २४ एप्रिलपासून मोजले, सुट्या वगळल्या, तर ही मुदत जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते. पाकीट खात्यात प्रत्यक्ष कधी पोहोचले त्यावर दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतील. म्हणजे वेळ आहे, पण आई जाऊन आल्यावर बघू म्हणण्याइतका नाही.

दुसरी तारीख अधिक महत्त्वाची आहे. निरंजन यांनी सांगितलेला व्हिसावरील पुरावा आगमनापासून एक वर्ष चालतो, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास तो संपेल. तुमचे परतीचे तिकीट ३० ऑगस्टचे आहे. नवे कार्ड तोवर आईंच्या हातात नसेल, तर मुंबई विमानतळावर त्यांना विमानात बसू देणार नाहीत.

सह्याद्री_शिकागो | ११ जून, सायंकाळी ७:४०

असे झाले तरी मार्ग आहे. माझ्या वडिलांचे पाकीट पुण्यात चोरीला गेले, त्यात ग्रीन कार्ड होते. आम्ही आय-१३१ए हा अर्ज भरला, ५७५ डॉलर फी भरली आणि अमेरिकी वकिलातीतून विमानात बसण्याची परवानगी मिळवली. त्यामुळे आईंनी निश्चिंत जावे.

निरंजन_बे | ११ जून, रात्री ८:०२

तो अर्ज कार्ड हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या रहिवाशांसाठी आहे. वडिलांना मिळालेले कार्ड चोरीला गेले होते. इथे कार्ड हातात आलेलेच नाही. शिवाय वयस्कर बाईंनी परक्यासारखे वकिलातीच्या तारखेची वाट पाहत बसायचे, याची तयारी करून आधीच निघणे मला पटत नाही. संकट आले तर तो मार्ग आठवावा, योजना त्यावर आखू नये.

सह्याद्री_शिकागो | ११ जून, रात्री ८:१५

आपले म्हणणे मान्य आहे. मी फक्त आमचा अनुभव सांगितला.

वैद्य_गृहिणी | ११ जून, रात्री ९:१०

मृण्मयी, तुमच्या मूळ प्रश्नाला अजून नीट उत्तर मिळालेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या सासूबाईंचे हेच प्रकरण मी गेल्या वर्षी हाताळले.

सर्वांत आधी, आज रात्रीच, खात्याच्या संकेतस्थळावर आईंचा पत्ता बदला. घर बदलल्यापासून दहा दिवसांत तो कळवणे बंधनकारक असते; उशीर झाला आहे, तरी आता एक दिवसही दवडू नका. पत्ता बदलल्याची पोच जपून ठेवा. त्यानंतरच “कार्ड मिळाले नाही” अशी ऑनलाइन तक्रार नोंदवा. हा क्रम उलटा झाला तर कार्ड पुन्हा एडिसनला जाते.

फोनबद्दल. तुम्ही एकट्या फोन करत होतात, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. अर्जदार आई आहेत, त्यामुळे अधिकारी भेटला तरी तो तुम्हाला काही सांगणार नाही. आईंना शेजारी बसवा. त्यांनी स्वतः नाव, जन्मतारीख सांगून “माझ्या मुलीशी बोला” एवढी परवानगी दिली की पुढचे तुम्ही बोलू शकता. यंत्राला पूर्ण वाक्यात प्रकरण समजावू नका. मी प्रत्येक प्रश्नाला “इन्फोपास” (कार्यालयात भेटीची वेळ घेण्याच्या जुन्या सेवेचे नाव) हा एकच शब्द म्हणत राहिले, आणि तिसऱ्या वेळी यंत्राने मला माणसाकडे दिले. ए-नंबर (खात्याने आईंना दिलेला नोंदणी क्रमांक), फीच्या पावतीचा क्रमांक, मुंबईचा बीएमबीने सुरू होणारा प्रकरण क्रमांक आणि ट्रॅकिंग क्रमांक समोर लिहून ठेवा. पहिला माणूस फक्त नोंद घेतो. त्याला कार्ड परत आल्याची तारीख आणि प्रवासाची तारीख सांगा आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने फोन करावा अशी स्पष्ट विनंती करा. तो फोन अनोळखी क्रमांकावरून येतो, त्यामुळे पुढचे काही दिवस कोणताही फोन टाळू नका.

कार्ड वेळेत येणार नाही असे दिसले तर त्याच अधिकाऱ्याकडे पासपोर्टावर आय-५५१ शिक्का (कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा) मिळण्यासाठी स्थानिक कार्यालयाची भेट मागा. अशी भेट मागण्याचा ऑनलाइन अर्जही ऑगस्ट २०२३ पासून आहे.

तुषार_डॅलस | ११ जून, रात्री ९:३५

हे सगळे करावे, आणि सोबत माझाही मार्ग ठेवावा. इमिग्रेशन खाते ज्याच्या हाताखाली येते त्या होमलँड सिक्युरिटी विभागाच्या लोकपालाकडेही पूर्वी मी लोकांना पाठवत असे, पण तिथले कर्मचारी मार्चमध्ये मोठ्या प्रमाणावर कमी केले गेले, त्यामुळे आता काँग्रेसचे कार्यालयच उरते.

कोयनाकाठ | ११ जून, रात्री १०:००

कुलमुखत्यारपत्रही तयार ठेवावे, असे मी पुन्हा सुचवतो. आईंचा प्रवास पुढे गेला तरी मामांनी घेतलेली तारीख वाया जाणार नाही.

मृण्मयी_एनजे | १७ जून, रात्री ८:५०

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पत्ता त्याच रात्री बदलला. दुसऱ्या दिवशी आईला शेजारी बसवून फोन केला आणि चौथ्या प्रयत्नात माणूस मिळाला. काल वरिष्ठ अधिकाऱ्यांचा फोन आला. कार्ड त्यांच्याकडेच आहे, नष्ट झालेले नाही आणि नव्या पत्त्यावर पुन्हा पाठवले जाईल असे त्यांनी सांगितले, पण तारीख दिली नाही. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातही आईच्या सहीचा अर्ज दिला आहे. परतीचे तिकीट १४ ऑगस्टचे करून घेतले, त्यासाठी फरकाचे पैसे भरावे लागले. आई गेल्यानंतर कार्ड आले तर ते मी घेऊ शकते का, हे मात्र मी विचारायला विसरले.

वैद्य_गृहिणी | १७ जून, रात्री ९:२०

फार बरे वाटले. एकदा परत आलेले कार्ड दुसऱ्यांदा पाठवताना ते ज्याच्या नावाचे आहे त्याच्याच सहीने देतात आणि टपालवाला ओळखपत्र पाहतो. त्यामुळे टपाल कार्यालयाचा ३८०१ क्रमांकाचा अर्ज भरून आईंनी तुम्हाला त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार द्यावा लागेल. टपाल कार्यालयाच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवेत आईंच्या नावाने नोंदणीही करा, म्हणजे पाकीट कुठवर आले ते कळत राहते.

मृण्मयी_एनजे | १७ जून, रात्री ९:३१

मनापासून आभार. उद्या सकाळी आईला घेऊन टपाल कार्यालयात जाते आणि तो अर्ज तिथेच भरून देते.