पंढरपुरी म्हैस तीनदा उलटली (भरवूनही गाभण राहिली नाही), मदत हवी आहे

मोहोळ तालुका, सोलापूर. पंढरपुरी म्हैस, दुसरं वेत, विऊन पाच महिने झाले. दर 21 दिवसांनी माजावर येते, सोट (माजात येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ. तरी तीन वेळा कृत्रिम रेतन करून उलटली. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवतो. जंताचं औषध झालंय, खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम चालू आहे. चारा कडबा आणि उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला). वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडतं म्हणून ते निम्म्यावर आणलंय. जवळपास खात्रीचा रेडा नाही. म्हैस विकायची नाही, इतकी गरीब आहे की पोरं शिंगाला धरून पाण्यावर नेतात. चौथ्यांदा भरवण्याआधी गर्भाशय धुऊन घ्यावं, की आधी सोट तपासायला द्यावा?