ठिपक्यांच्या रांगोळीत स्वतःचे असे काही घडते का?

उंबरठा:
रोज सकाळी डब्यांची गडबड सुरू होण्याआधी मी दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढते. पुस्तकातला नमुना आणि अगरबत्तीने भोके पाडलेला आईचा जुना कागद, एवढेच माझे भांडवल आहे. चार वर्षांत हात चांगला बसला आहे. परंतु ठिपकेही दुसऱ्याचे आणि ते जोडण्याची रीतही दुसऱ्याची, मग यात माझे म्हणावे असे काय आहे, हा प्रश्न अलीकडे सतावतो. मला चित्रकला मुळीच येत नाही. स्वतःचे काही सुचावे यासाठी काय करावे?

शेवंती:
ताई, ठिपके सोडू नका. 15 ते 8 ची 169 ठिपक्यांची मोठी रांगोळी आठवडाभर बाजूला ठेवा आणि 7 ते 4 घ्या, म्हणजे मधल्या ओळीत 7 आणि दोन्ही अंगांना 6, 5, 4 असे एकूण 37 ठिपके होतील. या मांडणीत मधल्या ठिपक्याला सहा शेजारी असतात. पुस्तक मिटून फक्त एका शेजाऱ्याकडे रेघ कशी न्यायची तेवढे ठरवा आणि तीच उरलेल्या पाचांकडे फिरवा. एकदा माझी रेघ चुकून पलीकडच्या ठिपक्याला गेली. पुसायला बोट पुढे केले होते, पण थांबले आणि तीच चूक उरलेल्या पाचही ठिकाणी केली, तेव्हा फुलाच्या जागी गरगरणारी भिंगरी उमटली. पुस्तकात ती मला अजून सापडलेली नाही.

माजघर:
वरील सल्ला उत्तमच आहे, मात्र चित्रकला येत नाही ही अडचण मला पटत नाही. आपल्याकडे चैत्रात अंगणात चैत्रांगण काढतात. त्यात गौर, चंद्र-सूर्य, शंख, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, इतकेच नव्हे तर फणी आणि करंडाही असतो, आणि यातले काहीच मोजून-मापून काढलेले नसते. माझ्या आजीचे कासव हत्तीपेक्षा मोठे असे, कारण तिला कासव अधिक आवडायचे. मी गेल्या चैत्रापासून गौरीच्या फणीशेजारी नातवाची सायकल काढते, आणि तिची चाके दर वेळी निराळ्या आकाराची होतात.

कडप्पा:
एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी पायाबरोबर सरकते आणि रेघ फिसकटते. दाराशी कडप्प्याचा तुकडा ठेवावा. त्याच्या खरखरीत पाठीवर चिमटीतली रांगोळी नीट बसते आणि काळ्यावर पांढरी रेघ उठून दिसते.

उंबरठा:
सर्वांचे मनापासून आभार. आज 37 ठिपके घेतले आणि पुस्तक उघडलेच नाही. दुधाची पिशवी घ्यायला आलेल्या समोरच्या काकूंनी वाकून विचारले, "हे कोणते फूल गं?" मला नाव सांगता आले नाही, पण त्या बराच वेळ पाहत उभ्या होत्या. 7 ते 4 साठी कडप्प्याचा तुकडा केवढा घ्यावा, हे कृपया सांगावे.