खासदार दिल्लीत करतात तरी काय?

तापीकाठ, शहादा
काल रावेरच्या केळीबाग भाऊंनी लिहिलं, "पाच वर्षं झाली, खासदाराने गावात एक हायमास्ट दिवा लावला नाही. दिल्लीत जाऊन बाकं वाजवायची आणि 'हो'ला 'हो' म्हणायचं. असे खासदार हवेत कशाला?" खाली सगळ्यांचे अंगठे. मला ते वाचून रात्री झोप आली नाही. लांबेल, पण वाचा.

दिवा लावणं ग्रामपंचायतीचं काम आहे. खासदाराला आपण कायदा करायला पाठवतो. आणि कायद्याचं खरं काम टीव्हीवर दिसतं त्या सभागृहात कमीच होतं, ते होतं समितीच्या बंद खोलीत. जंगलातली जमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याचंच घ्या. १३ डिसेंबर २००५ ला विधेयक लोकसभेत मांडलं तेव्हा त्यात अट होती की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जमीन कसत असाल तरच हक्क, तोही अडीच हेक्टरपर्यंत. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, किशोर चंद्र देव तिचे अध्यक्ष. समितीने लोकांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, १९८० ची तारीख काढा, १३ डिसेंबर २००५ धरा. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला तो ह्याच तारखेने, मर्यादा चार हेक्टर.

२००८ ला नियम आले तेव्हा मी धडगावकडच्या एका पाड्यावर दावे भरून द्यायला बसायचो. एक म्हातारे बाबा आले. युरियाच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पावती त्यांनी माझ्यापुढे उलगडली. अतिक्रमणाच्या दंडाची, साल १९९१. घडीवर फाटलेली, शाई जांभळी पडलेली. आपल्याला दंड झाला तो कागद त्यांनी सतरा वर्षं जपून ठेवला होता आणि तोच त्यांचा पुरावा झाला. १९८० ची अट राहिली असती तर ती पावती चुलीत घालायची होती. ही तारीख बदलणाऱ्या खासदारांपैकी कुणी कुठे दिवा लावला का, ते मी विचारणार नाही.

कापूसवाला, धरणगाव
दादा, पावतीची गोष्ट वाचून गलबलून आलं. पण ती २००६ ची आहे. त्यानंतर काय झालं ते सांगा ना. पंधराव्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयकं समितीकडे गेली, सतराव्या लोकसभेत जेमतेम १६. शेतीचे तीन कायदे जून २०२० ला अध्यादेशाने आले. त्यातले दोन १७ सप्टेंबरला लोकसभेत पास, २० ला राज्यसभेत आवाजी मतदानाने. समितीकडे पाठवा म्हणून विरोधक ओरडत होते, मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या, असं मागत होते. काही झालं नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे परत घेतले, तेही चर्चेशिवाय.

आणि ऐका, मी त्या कायद्याच्या विरोधातला नव्हतो! बाजार समितीबाहेर माल विकायची मोकळीक मला हवीच होती. पण त्याच्या आधी एक व्यापारी आमच्या गावातून चौदा घरांचा कापूस घेऊन गेला होता, पैसे आजतागायत नाहीत. म्हणून मी कायदा वाचून काढला. व्यापाऱ्याला फक्त पॅन कार्ड पुरे. पैसे बुडवले तर कोर्टात जायचं नाही, प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जायचं. समितीपुढे माझ्यासारखा एक जरी गेला असता तर विचारलं असतं की अनामत का घेत नाही? प्रांताकडे किती हेलपाटे होतात ते माहीत आहे का? पण कुणी विचारलंच नाही. चांगला होऊ शकणारा कायदा घाईने मारला.

वकीलताई, धुळे
दोघेही मुद्द्याच्या अलीकडेच थांबलात. खासदार 'हो'ला 'हो' का म्हणतो? १९८५ ला राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, म्हणजे पक्षांतरबंदी. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश, मोडून मत दिलं की खासदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबवायला आणलेली तरतूद, आता तिच्या भीतीने साध्या विधेयकावरही कुणी वेगळं मत देत नाही. समितीत व्हिप लागत नाही, कॅमेरा नसतो. खात्यांच्या २४ स्थायी समित्या, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. तिथे वेगवेगळ्या पक्षांची माणसं शांतपणे बोलतात, सचिवांना उलटसुलट विचारतात. पण तापीकाठदादा, समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, हे तुम्ही लिहिलं नाही. वनहक्काला नशीब चांगलं होतं. आणि स्वतःचं विधेयक आणायचं म्हटलं, तर मंत्री नसलेल्या खासदारांची आजवर १४ विधेयकं कायदा झाली. १९७० नंतर एकही नाही.

केळीबाग, रावेर
म्हणजे मी लिहिलं तेच तुम्ही कलमं लावून सांगितलं! व्हिप निघाला की 'हो'. मग माझा दिवा काय वाईट? तो दिसतो तरी. आणि समितीत बोलतात म्हणता, आपल्याकडून गेलेले कितीतरी जण बोलतच नाहीत. इंग्रजी येत नाही, हिंदीत अडखळतात. पाच वर्षं गप्प बसून परत येतात.

गिरणाकाठ, भडगाव
इथे मला बोलायचंय. राज्यघटनेचं कलम १२० काढून बघा. कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत, पण ज्याला ह्या दोन्हींत नीट मांडता येत नाही त्याला पीठासीन अधिकारी (सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती) मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. मातृभाषा म्हटलंय, आठव्या अनुसूचीतली, म्हणजे घटनेच्या भाषांच्या यादीतली, भाषा असं म्हटलेलं नाही. मग आपला माणूस अहिराणीत का बोलत नाही? माझी आई ७८ वर्षांची. टीव्हीवर संसद लागली की विचारते, "काय बोली ऱ्हायनात भो त्या?" तिच्या मतावर निवडून गेलेला माणूस तिला कळेल असं एक वाक्य तिथे बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ह्या नावाखाली साडेअठरा लाख लोक आहेत. अनुसूचीत नाव नाही म्हणून दुभाषी नाही.

केळीबाग, रावेर
खान्देश म्हणजे अहिराणी हे कोणी ठरवलं? रावेर, यावल, फैजपूरला आमची लेवा गणबोली आहे. प्रत्येक वेळी धुळ्या-भडगावचे लोक आम्हाला त्यात ओढतात. माझी आजी अहिराणीचा एक शब्द बोलत नव्हती.

गिरणाकाठ, भडगाव
भाऊ, तुमची बोली तुम्हाला लखलाभ. पण अशी फाटाफूट केली म्हणूनच दिल्लीत आपलं कुणी ऐकत नाही. आधी एक नाव तरी अनुसूचीत जाऊ द्या.

केळीबाग, रावेर
तुमचं नाव जाऊ द्या आणि आमचं पुसून टाका, असंच ना? असली एकी नको आम्हाला.

सातपुड्याचा, अक्राणी
तुम्ही दोघं भांडताय आणि आमची पावरी, भिलीतलीच एक बोली, कुणाला आठवली नाही. भिली बोलणारे २०११ ला एक कोटी चार लाख, तरी अनुसूचीत नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी गेली तेव्हा आम्हाला आशा वाटली होती. तापीकाठदादा, तुमच्या समितीपुढे आमचे बाबा साक्ष द्यायला गेले तर कोणत्या भाषेत देणार? जो हिंदी बोलतो त्याचंच समिती ऐकणार.

आणि वनहक्काचं एवढं गोड करून सांगू नका. माझ्या काकांनी तीन एकर कसली. २००८ ला दावा टाकला, दोनदा फेटाळला, मोजणीला आलेल्या माणसाने बांधावरूनच माघार घेतली. शेवटी पट्टा मिळाला तीस गुंठ्यांचा. काका तो बघायला राहिले नाहीत. दिल्लीत तारीख बदलली, खाली काय बदललं?

वकीलताई, धुळे
भाषेवरून एकमेकांना टोचणं बंद करा आता. सातपुड्याचा दादा बोलला ते सगळ्यांनी परत वाचा.

तापीकाठ, शहादा
दादा, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. अंमलबजावणीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, ती चूकच. मी भरून दिलेल्या दाव्यांतलेही कितीतरी अजून अडकलेत. पण १९८० ची तारीख राहिली असती तर काकांना त्या तीस गुंठ्यांसाठीही दावा टाकता आला नसता. म्हणून तारखेचं मी सोडणार नाही.

केळीबाग भाऊ, दिव्याचं थोडं मान्य करतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, त्यातून दिवे, सभामंडप होतात, त्यामुळे मागणं गुन्हा नाही. पण तो निधी सहा विधानसभांना पुरवायचा आणि मंजुरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून. एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ तर तो बंदच होता. कायद्यावर मत मात्र लोकसभेच्या ५४३ जणांपैकी एकाचंच आपलं असतं, आणि ते त्यांनी कुठे वापरलं हे आपण कधी विचारत नाही.

कापूसवाला, धरणगाव
विचारून काय होणार, व्हिप आहेच.

तापीकाठ, शहादा
मत देताना व्हिप आहे. प्रश्न विचारताना नाही. लोकसभेत रोज २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात, लेखी उत्तराचे २३० वेगळे. तुमच्या चौदा घरांचा कापूस त्यातला एक प्रश्न होऊ शकला असता. तुम्ही लिहून दिलं होतं का?

कापूसवाला, धरणगाव
नाही दिलं. सुचलंच नाही.

केळीबाग, रावेर
ठीक आहे, तुमचं अर्धं पटलं, अर्धंच. रविवारी आमच्या भाऊबंदांत लग्न आहे, खासदार येणार आहेत. मांडवातच विचारतो, कोणत्या समितीत आहात आणि मागच्या अधिवेशनात तिथे काय बोललात. दिव्याचा अर्जही खिशात असेल.

सातपुड्याचा, अक्राणी
उत्तर मिळालं तर इथे टाका. आणि भाषेचंही विचारा, तिन्ही बोलींचं.

केळीबाग, रावेर
विचारतो. आधी लेवाचं.