अनुभव धागा : देशासाठी म्हणून हातून झालेलं एखादं काम

१६ ऑगस्टला सकाळी सहाच्या सुमारास आमच्या चौकात झाडणाऱ्या मावशी वाकून रस्त्यावरचे झेंडे वेचत होत्या. कागदी, प्लास्टिकचे, गाडीवरून उडालेले, चाकाखाली आलेले. बाकीचा कचरा ढकलगाडीत, झेंडे मात्र खांद्याच्या पिशवीत. मी विचारलं, यांचं काय करणार? म्हणाल्या, "कागदी असतात ते चुलीत घालते. पण आधी चप्पल काढते, ताई."

ध्वजसंहितेत हेच आहे. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, खासगीत, मान राखून त्यांची विल्हेवाट लावावी. मावशींनी संहिता वाचलेली नाही. आणि चप्पल काढायचं तर त्या संहितेतही नाही.

तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. देशभक्ती म्हणजे काय यावर आपल्याकडे बोलणं खूप होतं, त्यावरून भांडणंही होतात. इथे मतं नकोत, प्रसंग हवेत. देशाचा विचार मनात आला तेव्हा तुमच्या हातात नेमकं काय काम होतं, तेवढं सांगा. राग आला असेल तर तोही लिहा.

शिक्षक, अमरावती जिल्हा

निवडणुकीची ड्यूटी लागली की आम्ही शिक्षक कपाळाला हात लावतो. मीही लावायचो. २०१९ च्या लोकसभेला मेळघाटातलं केंद्र मिळालं, एप्रिलचं ऊन. मतदान सुरू व्हायच्या आधी अभिरूप मतदान करावं लागतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटमधून पडलेल्या चिठ्ठ्या जुळवायच्या, यंत्र पुसून शून्यावर आणायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद. हे सगळं निस्तरेपर्यंत बाहेर रांग लागलेली.

दुपारी एक कोरकू आजी आली. नोंदवहीत अंगठा, बोटाला शाई. आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. बीप वाजली, तरी ती चिठ्ठीच्या काचेसमोर उभीच. ती चिठ्ठी सात सेकंदच दिसते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझं गेलं ना?" म्हटलं, गेलं आजी. "नीट मोजतील ना?" म्हटलं, मोजतील.

संध्याकाळी हिशेबाचा फॉर्म भरताना नोंदवही आणि यंत्र एका मतानं जुळेना. सगळे थकलेले, खाली बस हॉर्न मारतेय. मी पुन्हा पहिल्या पानापासून मोजायला बसलो. एक तरुण सही करून मत न देताच परत गेला होता. त्याची नोंद शेऱ्यात होती, बेरजेत धरायची राहिली होती. पाऊण तास गेला, सहकाऱ्यांची बोलणी खाल्ली. पण मी त्या आजीला शब्द दिला होता.

हार्डवेअरचं दुकान, लातूर

"बिल नको, दोन पैसे कमी करा" हे दिवसातून दहा वेळा ऐकतो. बिल फाडतोच. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं कधीकधी, जाऊ दे.

निवृत्त आरोग्यसेविका

सरांचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. पल्स पोलिओचा रविवार बूथवर जायचा, पुढचे दिवस दारोदार. खांद्याला लसीचा डबा, आत चार बर्फाचे पॅक. बाटलीवरच्या गोलातला चौकोन आधी बघायचा, लस उष्णतेनं खराब झाली का ते त्यावरून कळतं. तो भोवतीच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. डोस पाजला की डाव्या करंगळीच्या नखावर शाई. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला की भिंतीवर खडूनं पी, नाहीतर एक्स. एक्स पडलं की त्या घरी परत यायचं.

ऊसतोडीच्या कोप्यांवर गेलं की खडू हातातच राहायचा. पाचटाच्या कोपीला भिंत कुठली? मी त्यांच्या बैलगाडीच्या चाकावर खूण करायचे. माणसं दिवसभर फडात, म्हणून आम्ही अंधार पडता पडता जायचो. एकदा एक बाळ झोळीत गाढ झोपलेलं, आई म्हणाली उठवू नका, आत्ता कुठं निजलंय. तशीच चुलीपाशी बसून राहिले. बाळ जागं झालं तोवर आमची गाडी निघून गेली होती.

जंगली विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ती बातमी लागली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. तव्यावरची भाकरी करपली.

शाळेतला शिपाई

झेंड्याची घडी मी घालतो. आत पाकळ्या जास्त झाल्या की गाठ सुटत नाही आणि पाहुणे दोरीला हिसके देत राहतात. म्हणून २५ जानेवारीच्या रात्री तीनदा ओढून बघतो. आजवर अडकला नाही.

शेतकरी

माझा अनुभव गोड नाही. गावात पाण्याच्या पाइपलाइनचं काम झालं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात नळ कोरडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागितली. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा कागद आले. कागदावर पाइप तीन फूट खोल. आमच्या बांधाला मी टेप लावून मोजला, वीतभरही नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे सांगितलं तर एक जण ओरडला, "झेंडावंदनाच्या दिवशी तरी गावाची अब्रू काढू नको." ते अजून टोचतं. त्याच झेंड्यासमोर सकाळी मीही उभा होतो. दुरुस्ती अर्धीच झाली आहे.

धागाकर्ती

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ओळखीच्या माणसांसमोर उभं राहून हिशेब मागायला जे काळीज लागतं, ते भाषणाला लागत नाही. पुढे काय होतं ते इथे नक्की कळवा.

कॅनडाहून

नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जमा केला, तो रद्द होऊन परत आला. कपाटात आईच्या फोटोखाली ठेवलाय. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं त्या कार्डावर, येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी भाऊ शाईच्या बोटाचा फोटो पाठवतो. तो मी बराच वेळ बघत बसतो.

सातारा जिल्हा

आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत. सुट्टी संपत आली की काळी ट्रंक मी भरते. तळाला गरम कपडे, मग लाडू, चटणीचा डबा, वर अंगाऱ्याची पुडी.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन, रक्त, पैशांची जुळवाजुळव, सगळं दिराला घेऊन केलं. हे पोस्टवर, फोन आठवड्यातून एकदा, तोही तुटत तुटत. सासूबाईंनीच हातानं खुणावलं, सांगू नको. मी म्हटलं, सगळे बरे आहेत, भाताची लावणी उरकली. आईला फोन दे म्हणाले. म्हटलं, त्या देवळात गेल्यात. सासूबाई माझ्या शेजारच्या खाटेवर होत्या.

हे घरी आले तेव्हा त्या काठी घेऊन दारात आल्या. यांनी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. त्या खेपेला ट्रंक भरताना मात्र माझ्या शेजारी येऊन बसले आणि एकेक कपडा माझ्या हातात देत राहिले.