सरासरीचा मुद्दा

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की जिल्ह्याचा पाऊस सरासरीएवढाच पडतो, मग हवामान बदललं कुठे? सरासरीवर पीक येत नाही हो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र घटला. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडला तर बेरीज जुळते, पण जमिनीत मुरत काहीच नाही, सगळं ओढ्याला जातं. विहिरीला फायदा रिमझिम पावसाचा.

आणि वेळेचं काय? नाशिककडची द्राक्षं घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंगा (नवी फूट निघते ती अवस्था) ते फुलोरा या अवस्थेत असताना हवा कोरडी लागते. तेव्हा पाऊस लांबला, पानं ओली राहिली की डावणी हा बुरशीचा रोग आलाच, वर घडांची कूज आणि गळ. मग पाऊस उघडेल तशी फवारणी, तीही चिखलात ट्रॅक्टर घालून. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड भागात गारपीट झाली, तयार होत आलेले घड एका संध्याकाळी गेले. वार्षिक सरासरीत ती संध्याकाळ दिसणारही नाही.

प्लॅस्टिक आच्छादन हा उपाय आहे, नाही असं नाही. पण एकरी खर्च लाखांत जातो, लहान बागायतदार तो कुठून करणार? विम्याबद्दल तर बोलायलाच नको.